डोळ्यातील मेलॅनोमा: अणुवैद्यकीय तपासण्यांची तुलना कशी करावी

"डोळ्यात मेलॅनोमाची शंका, पेट स्कॅन करावा" एवढीच एका ओळीची चिठ्ठी घेऊन रुग्ण न्यूक्लियर मेडिसिन (अणुवैद्यक) विभागात, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य देऊन शरीराच्या प्रतिमा काढणाऱ्या विभागात येतो, तेव्हा त्या ओळीत तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. डोळ्यातील गाठ मेलॅनोमाच (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) आहे का, हा पहिला. ती मेलॅनोमा असल्यास शरीरात इतरत्र पसरली आहे का, हा दुसरा. उपचार आधीच झाले असतील, तर त्या गाठीत अजून वाढणाऱ्या पेशी उरल्या आहेत का, हा तिसरा. एकाच यंत्राचे मोल या तीन प्रश्नांसाठी तीन प्रकारे ठरते, आणि बहुतेक गोंधळ दुसऱ्या प्रश्नासाठी चांगली ठरलेली तपासणी पहिल्या प्रश्नासाठी मागितल्याने होतो. म्हणून तुलना करण्यापूर्वी आपला प्रश्न कोणता, हे कागदावर लिहून घ्यावे. हा लेख मुख्यतः पहिल्या प्रश्नाबद्दल आहे. दुसऱ्याकडे शेवटी वळायचे आहे, कारण आपल्याकडे पेट स्कॅन प्रत्यक्षात त्याच्याचसाठी अधिक होतो.

आधी गाठ समजून घ्यावी

प्रौढांच्या डोळ्याच्या आत मुळात तिथेच उद्भवणाऱ्या कर्करोगांमध्ये मेलॅनोमा सर्वांत जास्त आढळतो. दृष्टिपटल आणि डोळ्याचे पांढरे बाह्य कवच यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांनी भरलेला, काळपट रंगाचा कोरॉइड नावाचा थर असतो; सुमारे नव्वद टक्के गाठी तेथे होतात, तर उरलेल्या सिलिअरी बॉडीत (बुबुळामागील स्नायुमय भाग) किंवा आयरिसमध्ये (बुबुळाचा रंगीत भाग). युरोप-अमेरिकेतील गोऱ्या लोकसंख्येत हा रोग दर दहा लाखांमागे वर्षाला साधारण ५ जणांना होतो. आशियाई लोकसंख्येत त्याचे प्रमाण दहा लाखांमागे एकाहूनही कमी आहे. आपल्याकडील डोळ्यांच्या डॉक्टरला त्यामुळे हा रोग क्वचितच दिसतो, आणि जे क्वचित दिसते त्याच्यासाठी मोठे यंत्र मागवण्याचा मोह अधिक होतो.

तुलनेसाठी गाठीचे दोन आकडे हाताशी हवेत: पायाचा व्यास आणि उंची. अमेरिकेत १९८६ साली सुरू झालेल्या 'कोलॅबरेटिव्ह ऑक्युलर मेलॅनोमा स्टडी' या मोठ्या अभ्यासात २.५ ते १० मिलिमीटर उंचीच्या आणि १६ मिलिमीटरपर्यंत पायाच्या गाठींना मध्यम म्हटले होते. त्याहून मोठ्या त्या मोठ्या. संपूर्ण नेत्रगोलाचा व्यासच २४ मिलिमीटरच्या आसपास असतो, हे येथे ध्यानात ठेवावे. फुप्फुसातील किंवा यकृतातील कर्करोगाबाबत ज्या गाठीला आपण सहज 'छोटी' म्हणू, ती डोळ्यात अवाढव्य ठरते.

तुलना कोणाशी, हे विसरू नये

दोन अणुवैद्यकीय तपासण्यांची एकमेकींशी तुलना करताना त्या दोघींना ज्या साध्या तपासणीशी स्पर्धा करायची आहे, ती बहुधा बाजूला राहते. बाहुली मोठी करून अनुभवी डॉक्टरने केलेली आतल्या पडद्याची तपासणी आणि डोळ्याची सोनोग्राफी एवढ्यावरच बहुतेक निदाने होतात. सोनोग्राफीत मेलॅनोमाची गाठ आतून ध्वनी कमी परावर्तित करते, आणि ती ब्रूख पटल (कोरॉइड आणि दृष्टिपटल यांमधला पातळ पापुद्रा) फोडून वर आली असेल तर तिचा आकार अळंबीसारखा दिसतो. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार, मेलॅनोमा समजून काढलेल्या पहिल्या ४१३ डोळ्यांपैकी केवळ २ डोळ्यांत निदान चुकले होते. म्हणजे चूक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ज्या रोगाचे निदान किरणोत्सारी द्रव्याशिवाय इतके अचूक होते, तेथे नवी तपासणी 'चांगली आहे' एवढे पुरत नाही. कोणत्या रुग्णाबाबत ती अधिकचे काही सांगते, हे दाखवावे लागते.

असे रुग्ण आहेत. पिकलेला मोतीबिंदू, डोळ्याच्या आत साचलेले रक्त किंवा पूर्ण सरकलेला पडदा यांमुळे आतले काहीच दिसत नसेल. सोनोग्राफीत दिसणारा उंचवटा गाठ आहे की रक्ताची गुठळी हे ठरत नसेल. एमआरआयही संदिग्ध असेल. किंवा रुग्णाला आधी स्तनाचा वा फुप्फुसाचा कर्करोग झालेला असेल आणि डोळ्यातील गाठ तेथूनच आलेली असण्याची शक्यता असेल, तर अणुवैद्यकीय तपासणीला खरे काम असते. तुलनेचे मैदान एवढेच आहे, आणि अहवाल किंवा शोधनिबंध वाचताना तो याच मैदानावर खेळला गेला का, हे आधी पाहावे.

ट्रेसर गाठीचा कोणता गुण पकडतो

किरणोत्सारी ट्रेसरची (शरीरात देऊन ज्याचा माग काढला जातो त्या द्रव्याची) नावे पाठ करण्यापेक्षा तो गाठीच्या कोणत्या गुणावर जाऊन बसतो, हे विचारावे. डोळ्यातील मेलॅनोमाच्या बाबतीत असे गुण मुख्यतः दोन आहेत. त्यातील पेशी वाढत राहतात, म्हणजे त्यांना खाद्य लागते. आणि बहुतेक गाठी मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य बनवतात.

पहिल्या गुणावर आधारलेली सर्वांत जुनी पद्धत म्हणजे १९५२च्या सुमारास पुढे आलेली फॉस्फरस-३२ची चाचणी. वाढत्या पेशी फॉस्फेट अधिक शोषतात, म्हणून किरणोत्सारी फॉस्फेट देऊन गाठीवरील आणि निरोगी भागावरील किरणांची मोजणी करत. फॉस्फरस-३२ फक्त बीटा कण सोडतो, आणि ते ऊतींमध्ये काही मिलिमीटरांपलीकडे जात नाहीत. त्यामुळे मापनकांडी थेट गाठीच्या मागे, डोळ्याच्या कवचावर टेकवावी लागे; मागच्या बाजूच्या गाठीसाठी त्याकरिता छोटी शस्त्रक्रियाच करावी लागे. त्यातून प्रतिमाही मिळत नसे, केवळ आकडा मिळे. १४ दिवसांचे अर्धायुष्य असलेले द्रव्य अस्थिमज्जेत रेंगाळे, ते वेगळेच. सोनोग्राफी सुधारली आणि ही चाचणी मागे पडली. इतिहास म्हणून ती रंजक आहे. तुलनेच्या तक्त्यात तिला आज स्थान देऊ नये.

गॅलियम-६७ची तपासणी आणि १९८०च्या दशकात इटलीत वापरल्या गेलेल्या, टेक्नेशियम-९९एमने चिन्हांकित केलेल्या मेलॅनोमाविरोधी प्रतिपिंडांची तपासणी यांचीही गत फारशी निराळी झाली नाही. लहान गाठी दोन्हींतून निसटत.

दुसऱ्या गुणावर आधारलेले ट्रेसर मेंदूच्या तपासणीतून आले. आयोडीन-१२३ जोडलेले बेंझामाइड गटातील पदार्थ मेंदूतील डोपामीन ग्राहक पाहण्यासाठी, तर आयोडीन-१२३ जोडलेले आयएमपी हे अँफेटामीन कुळातील द्रव्य मेंदूचा रक्तप्रवाह पाहण्यासाठी वापरात होते. ही दोन्ही रंगद्रव्य असलेल्या मेलॅनोमात साठतात, असे नंतर दिसून आले. बेंझामाइडवर फ्रान्समध्ये, तर डोळ्यातील मेलॅनोमासाठी आयएमपीवर जपानमध्ये विशेष काम झाले. आयएमपीची खुबी वेळेत आहे. इंजेक्शननंतर लगेच घेतलेल्या प्रतिमेत मेंदू उजळलेला असतो आणि डोळा त्यात हरवून जातो. सुमारे २४ तासांनी घेतलेल्या प्रतिमेत मेंदूतील द्रव्य बरेचसे निघून गेलेले असते, पण मेलॅनोमातील टिकून राहते. आयोडीन-१२३चे अर्धायुष्य १३ तासांचे असल्याने दुसऱ्या दिवशीही मोजण्याइतकी किरणे उरतात. हेच काम ११० मिनिटांचे अर्धायुष्य असलेल्या फ्लोरीन-१८कडून झाले नसते.

फ्लोरीन-१८ जोडलेली साखर, म्हणजे एफडीजी, पुन्हा पहिल्या गुणाकडे वळते: गाठीची साखरेची भूक. फुप्फुस, लिम्फोमा, त्वचेचा पसरलेला मेलॅनोमा यांत तिने जे यश मिळवले, त्यावरून ती डोळ्यातही सरस ठरेल असे वाटणे स्वाभाविक होते. तसे घडले नाही. जपानमधील नागोया येथील गटाने २००६ साली केलेल्या थेट तुलनेत डोळ्यातील मेलॅनोमा शोधण्यात एफडीजी पेट आयएमपी स्पेक्टच्या (आयोडीन-१२३सारख्या द्रव्यांची किरणे फिरत्या कॅमेऱ्याने टिपणाऱ्या तपासणीच्या) बरेच मागे राहिले. यंत्र म्हणून पेटची विभेदनक्षमता (बारीक तपशील वेगळे दाखवण्याची क्षमता) स्पेक्टपेक्षा चांगली असूनही असे व्हावे, ही गोष्ट क्षणभर थांबून पाहण्यासारखी आहे. कॅमेरा कितीही तीक्ष्ण असला तरी ट्रेसर गाठीत आणि शेजारच्या ऊतीत सारखाच साठत असेल, तर दिसण्यासारखे काही उरत नाही. डोळ्यातील अनेक मेलॅनोमा संथ वाढतात आणि साखर बेताचीच घेतात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्या गाठीत रंगद्रव्य नाही किंवा फारच कमी आहे, तेथे मेलॅनिन शोधणारा ट्रेसर रिकाम्या हाताने परततो. शिवाय मेलॅनिन असणे म्हणजे कर्करोग असणे नव्हे. निरोगी डोळ्यातही ते असतेच. म्हणून आयएमपीच्या प्रतिमेत एका डोळ्याकडे एकटे न पाहता, दोन डोळ्यांतील मोजणीचे गुणोत्तर काढावे.

आकार सगळ्यांवर मात करतो

तुलनेतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट ही आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळू. पेट यंत्राची विभेदनक्षमता साधारण ४ ते ६ मिलिमीटर, तर स्पेक्टची साधारण ८ ते १० मिलिमीटर असते. गाठ या मापाच्या दुपटी-तिपटीहून लहान असली, की तिच्यातील किरणोत्सार आजूबाजूच्या चित्रात पसरून फिका पडतो. ओल्या टीपकागदावर टेकवलेला शाईचा ठिपका पसरून फिका व्हावा, तसा. गाठीने ट्रेसर भरपूर घेतलेला असतो, पण मोजलेला आकडा कमी येतो. ३ मिलिमीटर उंचीच्या गाठीचा एसयूव्ही (ट्रेसर किती साठला याचा प्रमाणित आकडा) कमी आला म्हणून ती सौम्य आहे, असे अहवालात लिहिणे त्यामुळेच चूक ठरते.

न्यूयॉर्क येथून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोरॉइडच्या मेलॅनोमाचे ५० रुग्ण पेट-सीटीने तपासले गेले. ५०पैकी १४ जणांत, म्हणजे २८ टक्के रुग्णांत, डोळ्यातील गाठ दिसली. एवढाच आकडा घेऊन पुढे गेल्यास हाती फारसे लागत नाही. गाठींची आकारानुसार विभागणी केल्यावर मोठ्या गाठींपैकी ७५ टक्के, मध्यम गाठींपैकी सुमारे ३३ टक्के दिसल्या, आणि लहान गाठींपैकी एकही दिसली नाही. यंत्र तेच, ट्रेसर तोच, वाचणारेही तेच. बदलला तो फक्त आकार.

याचा परिणाम शोधनिबंधांच्या तुलनेवर कसा होतो, हे काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एक तपासणी मोठ्या गाठींपैकी ८० टक्के आणि लहान गाठींपैकी १० टक्के पकडते. एका रुग्णालयाने ४० मोठ्या व १० लहान गाठी तपासल्या, तर ५०पैकी ३३ सापडतील आणि संवेदनशीलता ६६ टक्के छापली जाईल. दुसऱ्याने १० मोठ्या व ४० लहान तपासल्या, तर १२ सापडतील, म्हणजे २४ टक्के. तपासणी तीच असूनही वाचकाला एक केंद्र हुशार आणि दुसरे ढिसाळ वाटेल. म्हणून ज्या निबंधात गाठींची उंची दिलेली नाही, त्यातील संवेदनशीलतेचा आकडा मी तुलनेत धरत नाही, आणि निवासी डॉक्टरांनाही तसेच सुचवतो.

निदानाची खातरजमा कशी केली, हेही त्याच बैठकीत तपासावे. डोळा काढल्यावर पेशींची तपासणी होते, पण डोळे काढले जातात ते मोठ्या गाठींचे. लहान व मध्यम गाठींवर डोळा वाचवून प्लाक (डोळ्याच्या कवचावर शिवलेली किरणोत्सारी चकती) बसवले जाते किंवा अन्य किरणोपचार होतात. केवळ पेशीतपासणी झालेले रुग्ण मोजणारा निबंध आपोआप मोठ्या गाठींचा निबंध बनतो आणि त्यातील तपासणी प्रत्यक्षाहून सरस दिसते. शिवाय तुलनेत मेलॅनोमा नसलेले, पण तसे वाटणारे रुग्ण किती होते, हे पाहावे. ते नसतील तर विशिष्टतेबद्दल (रोग नसलेल्यांना रोग नाही असे सांगण्याच्या क्षमतेबद्दल) काहीच बोलता येत नाही.

आपल्याकडे काय मिळते

कागदावरची सरस तपासणी गावात मिळत नसेल, तर तुलना वेगळी करावी लागते. आयएमपी स्पेक्ट आपल्याकडील केंद्रांच्या नेहमीच्या यादीत सहसा नसते. एफडीजी मात्र मोठ्या शहरांत सहज मिळते; देशातील पहिला पेट स्कॅनर २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला, त्यानंतर चित्र फार बदलले. तरी फ्लोरीन-१८चे अर्धायुष्य विसरून चालत नाही: सायक्लोट्रॉनपासून (हे द्रव्य बनवणाऱ्या यंत्रापासून) निघालेला डोस ३ तास ४० मिनिटांत एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे दूरच्या केंद्रावर वेळापत्रक डोस येण्यावर ठरते, रुग्णाच्या सोयीवर नाही. म्हणजे आपल्यापुढची खरी निवड बहुधा आयएमपी की एफडीजी अशी नसून, एफडीजी की पुन्हा एकदा नीट केलेली सोनोग्राफी व एमआरआय, अशी असते. डोळ्यातील गाठ ३ मिलिमीटरहून कमी उंचीची असेल, तर माझे उत्तर सोनोग्राफी व एमआरआय.

एफडीजी करायचेच ठरले, तर

चिठ्ठीत कोणता डोळा, गाठीची उंची व पायाचा व्यास, रंगद्रव्य दिसते की नाही, आत रक्त किंवा सरकलेला पडदा आहे का, आणि आधी झालेले उपचार, एवढे लिहून पाठवावे. प्रोटॉन उपचारासाठी डोळ्याच्या कवचावर टॅन्टॅलमच्या बारीक चकत्या शिवलेल्या असतील, तर तेही कळवावे; शरीरात अडलेल्या किरणांसाठी सीटीच्या आधारे केलेल्या दुरुस्तीत धातूजवळ खोटा उजळपणा दिसू शकतो, आणि तेव्हा दुरुस्ती न केलेल्या प्रतिमा पाहाव्या लागतात.

रुग्णाने ४ ते ६ तास उपाशी असावे, पाणी चालते. मधुमेह असल्यास औषधांची वेळ आधी विचारून घ्यावी, आणि इंजेक्शनपूर्वी रक्तातील साखर २०० मिलिग्रॅमच्या आत असावी. इंजेक्शननंतरच्या तासाभरात रुग्णाने मंद प्रकाशात डोळे मिटून पडून राहावे. ही सूचना अनेक ठिकाणी उरकून टाकली जाते, आणि रुग्ण त्या तासात मोबाईल पाहत बसतो. डोळे फिरवणारे स्नायू मग साखर ओढतात, आणि ज्या इवल्याशा भागात आपण गाठ शोधणार, त्याच्या भोवतीच चमक वाढते. संपूर्ण शरीराच्या स्कॅनखेरीज डोक्याचा स्वतंत्र, अधिक वेळ घेतलेला स्कॅन मागावा. त्या वेळी डोके टेकवून बांधलेले आणि डोळे मिटून स्थिर असावेत. एफडीजीच्या ३७० मेगाबेकेरेल डोसमधून शरीराला सुमारे ७ मिलिसिव्हर्ट किरणमात्रा मिळते, सीटीची मात्रा त्याहून वेगळी. गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने हे आधीच सांगावे. आयएमपीसारखा आयोडीन-१२३ जोडलेला ट्रेसर असेल, तर थायरॉइडने सुटे आयोडीन शोषू नये म्हणून आधी पोटॅशियम आयोडाइड दिले जाते.

प्रतिमा वाचताना मेंदूसाठी ठरवलेला उजळपणा डोळ्यासाठी वापरू नये. मेंदू साखर इतकी खातो, की त्या मापावर डोळा काळाच दिसतो. पट्टी खाली आणून दोन्ही डोळे शेजारी ठेवून पाहावेत आणि अश्रुग्रंथी व स्नायू ओळखून वगळावेत. डोळ्यात चमक दिसली तरी तिच्यापुढे लगेच मेलॅनोमा लिहू नये. दाह, स्क्लेरायटिस (डोळ्याच्या पांढऱ्या कवचाचा दाह), इतर अवयवांतून आलेला कर्करोग हेही चमकतात. आणि आपल्या देशात कोरॉइडमधील क्षयाची गाठ ही शक्यता कधीच पानाबाहेर ठेवता येत नाही. चमक दिसली नाही, तर अनुभवी डॉक्टरने केलेले निदान त्यामुळे रद्द होत नाही.

शरीरात पसरण्याचा प्रश्न

डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या नसल्याने हा कर्करोग रक्तातून पसरतो, आणि त्याची ओढ यकृताकडे असते. वर उल्लेखिलेल्या 'कोलॅबरेटिव्ह ऑक्युलर मेलॅनोमा स्टडी'त पसरलेल्या रोगाच्या रुग्णांपैकी ८९ टक्के जणांच्या यकृतात गाठी आढळल्या. संपूर्ण शरीर एकाच बैठकीत दाखवणारे पेट येथे आकर्षक वाटते, आणि यकृताबाहेरच्या गाठी शोधण्यासाठी ते उपयोगीही आहे. पण निरोगी यकृतही साखर घेते. त्या करड्या पार्श्वभूमीवर बेताची भूक असलेली, सेंटिमीटरहून लहान गाठ मिसळून जाते. म्हणून यकृतासाठी एमआरआयला पहिला मान द्यावा, तोही यकृतपेशी शोषून घेतात असे कॉन्ट्रास्ट आणि डिफ्यूजन (ऊतीतील पाण्याची हालचाल टिपणाऱ्या) प्रतिमा यांसह. पेटचा अहवाल 'यकृत स्वच्छ' म्हणतो म्हणून तो एमआरआय रद्द करू नये. पुढील काळात पेटची पेटशी तुलना करायची असेल, तर तेच यंत्र आणि इंजेक्शन ते स्कॅन हा तेवढाच अवधी ठेवावा, नाहीतर एसयूव्हीतील चढउतार गाठीचा की घड्याळाचा, हे सांगता येत नाही.

याच ठिकाणी आपल्याकडे एक नेमकी फसगत होते. डोळ्यात मेलॅनोमा, यकृत पेट आणि एमआरआय दोन्हींत मोकळे, पण छातीच्या मध्यभागातील लसिकाग्रंथी ठळक चमकतात, असा अहवाल आल्यास घरचे लोक 'पसरला' असे समजून हातपाय गाळून बसतात. रक्तवाटेने यकृताकडे जाणारा हा रोग यकृताला वळसा घालून केवळ छातीच्या ग्रंथींत जाऊन बसणे अपवादात्मक आहे, आणि क्षय किंवा सारकॉइडोसिस (कर्करोग नसलेला, ग्रंथींना सूज आणणारा दाहाचा आजार) त्या ग्रंथींत असणे मुळीच अपवादात्मक नाही. अशा ग्रंथीतून सुईने नमुना घेऊन तो तपासल्याशिवाय रोगाचा टप्पा बदलू नये, आणि तो बदलल्याचे रुग्णाला सांगूही नये.